हातभर मागचं गवत

मचाणावरून उतरेपर्यंत चारूने धीर धरला होता. खाली पाय टेकताच तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून पाहिला, आणि ती तिथेच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिली.

फोटोत सारस क्रौंच उभा होता. मोठ्या माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच, राखाडी अंगाचा, लाल डोक्याचा. धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, घोटाभर पाण्यात उभा. त्याच्या उजव्या पायात, गुडघ्याच्या वर, पिवळा वाळा होता. चारूला हवा होता तो वाळाच. पण फोटोत त्याच्या जागी नुसता पिवळा डाग दिसत होता, ओल्या कागदावर रंग फुटावा तसा. त्यावरची दोन अक्षरं कुठली ते काही केल्या कळत नव्हतं. आणि वाळ्याच्या हातभर मागे उगवलेलं गवत मात्र इतकं स्वच्छ आलं होतं, की एका पात्यावर बसलेल्या नाकतोड्याच्या मिशासुद्धा दिसत होत्या.

"मी गवतावर नेम धरलाच नव्हता, आत्या," चारू म्हणाली. "वाळ्यावर धरला होता. हिरवा दिवा लागला, पिक् असा आवाज आला, मगच बटण दाबलं. डोळा लावून बघताना वाळा अगदी लख्ख दिसत होता."

मंगलाआत्याने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "संध्याकाळी पुन्हा बसू," ती म्हणाली. पण तिचा आवाज खाली गेला होता, आणि चारूच्या ते लक्षात आलं.

मंगलाआत्या पक्ष्यांची डॉक्टर. गोंदियापासून आत, बोदलझरी नावाच्या तलावाकाठी सारस क्रौंचांची पिल्लं वाढवण्याचं केंद्र होतं, ते ती सांभाळायची. सारस फार थोडे उरले होते. म्हणून धोक्यात सापडलेली अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि मोठी झाली की रानात सोडून द्यायची, असं काम तिथे चाले. पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून आत्या राखाडी झगा आणि लाल टोपरं घालून, हातात पक्ष्याच्या मानेसारखी काठी धरून त्यांना भरवायची. चारूने तिला पहिल्यांदा त्या वेशात पाहिलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती. पिल्लं मात्र हसत नसत. त्यांच्या लेखी ती आईच होती.

चार वर्षांपूर्वी केंद्राने सात पिल्लं सोडली होती, पायात पिवळे वाळे घालून. त्यांच्या पाठीवरची माग काढणारी यंत्रं पहिल्याच पावसाळ्यात बंद पडली आणि त्यानंतर सातांपैकी एकही पक्षी पुन्हा दिसला नाही. आता पिंजऱ्यात नवी पिल्लं तयार होती. ती सोडायची की नाही हे ठरवायला परवा समितीची बैठक होती. समितीतली बरीच मंडळी म्हणत होती, की पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगत नाही, पहिले सात गेले तसे हेही जातील, त्यापेक्षा ही पिल्लं कायमची आतच ठेवू.

आणि नेमक्या या आठवड्यात बोदलझरीच्या बांधीत पिवळ्या वाळ्याचा सारस उतरला होता. पण शेजारच्या राज्यातही पकडून तपासलेल्या रानटी सारसांना पिवळेच वाळे घालत. हा पक्षी केंद्राचा की तिकडचा, हे अक्षरं वाचल्याशिवाय कळणार नव्हतं.

चारू सहावीत होती. पोळ्याच्या सुट्टीला आजोबांबरोबर आत्याकडे आली आणि या सगळ्यात अडकली. कारण आत्याच्या दुर्बिणीतून वाळा दिसे पण अक्षरं वाचता येत नसत, आणि ती टिपू शकेल एवढी लांब लेन्स साऱ्या बोदलझरीत एकच होती, आणि ती होती दिगंबर आजोबांची. आजोबांची सगळी नोकरी उपग्रहांच्या कॅमेऱ्यांची भिंगं तपासण्यात गेली होती. ही त्यांची स्वतःची लेन्स, दुधाच्या कॅनएवढी. ती ज्याला जोडायची तो कॅमेरा डीएसएलआर जातीचा, म्हणजे आत आरसा असलेला. असे कॅमेरे बनणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. चारूच्या वर्गातल्या कुणी तो पाहिलासुद्धा नव्हता. आजोबांचे हात अलीकडे कापायचे, म्हणून बटण दाबण्याचं काम चारूकडे आलं होतं.

केंद्राच्या ओसरीवर आजोबा वाटच पाहत होते. त्यांच्याशेजारी टिटवी उभी होती. टिटवी म्हणजे केंद्राचा यंत्रमानव, लांब काटक्यांसारख्या पायांवर चिखलातून चालणारा. तिच्या कपाळावर छोटा मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा होता. पण तिची लेन्स आखूड होती, आणि ती बांधीत उतरली की सारस उडून जात. नव्या यंत्राची सवय व्हायला त्यांना पंधरा-वीस दिवस लागत, आणि हातात तेवढे दिवस नव्हते.

"हलली असशील," आजोबांनी फोटो पाहून म्हटलं.

"कॅमेरा तिकाटण्यावर होता, आजोबा."

"मग सारस हलला असेल."

चारूने सकाळचे सगळे फोटो एकामागून एक पाहायला सुरुवात केली. टिटवीही पाय दुमडून तिच्याजवळ बसली आणि पडद्याकडे बघू लागली.

"गवत सगळ्यांतच स्पष्ट आहे," थोड्या वेळाने चारू म्हणाली.

"बरोबर," टिटवी म्हणाली.

"नाही, तसं नाही. बघ ना. प्रत्येक फोटोत मागचंच गवत स्पष्ट आहे. पुढचं एकदाही नाही. मी हलले असते तर सगळंच पुसट झालं असतं. सारस हलला असता तर कधी पुढचं स्पष्ट आलं असतं, कधी मागचं. हा कॅमेरा दर वेळी मागेच का चुकतो?"

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "हा खरा प्रश्न आहे," ते म्हणाले. "टिटवी, आतून स्क्रूड्रायव्हर नको आणू. सुतळी आण. आणि एक ऊन पडलेला खांब बघ."

खांबाशी बसल्यावर आजोबांनी आधी चारूला अंगठा नाकासमोर धरायला सांगितला. "आता अंगठ्याकडे न बघता लांबच्या त्या मोहाच्या झाडाकडे बघ. अंगठे किती दिसतात?"

"दोन."

"आता अंगठ्याकडे बघ."

"एक झाला. पण आता झाडं दोन झाली."

"का? तुझे दोन डोळे दोन जागांवरून बघतात म्हणून. ज्या वस्तूवर नजर जुळली ती एक दिसते. जिच्यावर जुळली नाही तिची दोन चित्रं बाजूबाजूला सरकलेली दिसतात. जितकी नजर चुकलेली, तितकं सरकणं जास्त. कॅमेरा ऑटोफोकस (आपणहून चित्र स्पष्ट करून घेणे) करतो तो याच युक्तीने. लेन्सच्या डाव्या बाजूने आलेला प्रकाश आणि उजव्या बाजूने आलेला प्रकाश, हे त्याचे दोन डोळे. दोन्हींची चित्रं जुळली की लेन्स जागेवर आली असं तो समजतो. जुळली नाहीत तर किती सरकली आहेत आणि कोणत्या बाजूला, यावरून लेन्स कुठे आणि किती फिरवायची ते त्याला एका फटक्यात कळतं. चाचपडावं लागत नाही."

"मग चुकतो कुठे?"

"तो डोळे कुठे ठेवतो, ते बघ."

आजोबांनी लेन्स काढली आणि कॅमेऱ्याच्या तोंडात तिला डोकावायला लावलं. आत तिरका बसवलेला आरसा चमकत होता. लेन्समधून आलेला प्रकाश या आरशावर पडून वर जातो आणि डोळा लावायच्या खिडकीत चित्र दिसतं. म्हणून तर चारूला तिथे वाळा लख्ख दिसला होता. पण या आरशाचा मधला भाग पूर्ण आरसा नव्हता. तिथून थोडा प्रकाश पलीकडे जात होता, मागे दडलेल्या दुसऱ्या चिमुकल्या आरशावर आदळून खाली वळत होता, आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या मोजणी संवेदकावर (प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारा भाग) पडत होता. चित्रं जुळली की नाही ते तिथे, तळाशी, ठरत होतं.

"आणि फोटो?" चारूने विचारलं.

"फोटो मागच्या भिंतीवर उमटतो. तिथे मोठा संवेदक आहे. तू बटण दाबलंस की दोन्ही आरसे बाजूला होतात, आणि मगच प्रकाश सरळ मागे जातो."

चारूने भुवया आकसल्या. "म्हणजे मोजायचं एका जागी आणि फोटो काढायचा दुसऱ्याच जागी?"

"तेच. आता सुतळी घे."

त्यांनी तिला सुतळीचे दोन सारख्या लांबीचे तुकडे कापायला लावले. दोन्हींची एकेक टोकं जिन्याच्या कठड्याला बांधली. एक तुकडा सरळ भिंतीपर्यंत ताणला. तो भिंतीला जेमतेम टेकला. दुसरा खांबावरून वळवून खाली फरशीकडे नेला. तोही फरशीला जेमतेम टेकला. भिंत म्हणजे फोटोचा संवेदक, फरशी म्हणजे मोजणीचा संवेदक आणि खांब म्हणजे आरसा.

"दोन्ही वाटा सारख्या लांबीच्या आहेत तोवर ठीक," आजोबा म्हणाले. "फरशीवर जे जुळलं ते भिंतीवरही जुळणार. आता असं समज, की खांब बोटभर सरकला."

चारूने सुतळी खांबाऐवजी त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या टिटवीच्या पायावरून वळवली. आता ती फरशीला टेकेना. टेकवायची तर सुतळी थोडी ढिली सोडावी लागत होती.

"आणि मी फरशीवर टेकवण्यासाठी जेवढी ढील दिली, तेवढीच भिंतीवरच्या सुतळीला दिली, तर ती लोंबणार," चारू हळूहळू म्हणाली. "कॅमेरा त्याच्या परीने बरोबरच आहे. तळाशी चित्रं खरंच जुळली. म्हणून हिरवा दिवा लागला. पण मागच्या भिंतीवर ती जुळलेली नाहीत."

"किती सरकला असेल आरसा, सांग बरं."

चारूने बोटांनी दाखवलं.

"एवढा सरकला असता तर काहीच दिसलं नसतं," आजोबा म्हणाले. "वाटेत साधारण कागदाच्या एका पानाच्या जाडीचा फरक पडला असेल. सारस तुझ्यापासून क्रिकेटच्या दोन खेळपट्ट्या मावतील इतक्या अंतरावर होता. एवढ्या मोठ्या लेन्समधून आतला कागदभर फरक बाहेर हातभर होतो. आणि या लेन्सची स्पष्टतेची खोली (जेवढ्या पट्ट्यातलं सगळं स्वच्छ दिसतं ती जाडी) त्या अंतरावर हातभरही नाही. जुनं यंत्र आहे. उन्हाने, गाडीतल्या धक्क्यांनी, कशाने सरकला कोण जाणे."

"टिटवी, तुझ्यात असं होत नाही?"

"माझ्याकडे आरसा नाही," टिटवी म्हणाली. "प्रकाश सरळ फोटोच्या संवेदकावर येतो. त्याच संवेदकावर लाखो बारीक ठिपके आहेत. त्यांतले काही लेन्सच्या फक्त डाव्या बाजूचा प्रकाश पाहतात, काही फक्त उजव्या बाजूचा. त्यामुळे जिथे फोटो उमटतो तिथेच मी मोजते. दुसरी वाटच नाही, म्हणून दोन वाटांत फरक पडत नाही."

चारूने टिटवीच्या कपाळाकडे पाहिलं, मग आजोबांच्या लेन्सकडे. "ही लेन्स तिला का नाही लावायची? दोघांना जोडणारी कडी केंद्रातल्या त्रिमितीय छपाई यंत्रावर छापून घेऊ."

"कडी होईल," टिटवी म्हणाली, "पण त्या लेन्सच्या मोटारीशी कोणत्या खुणांनी बोलायचं ते मला शिकवलेलं नाही. ती माझं ऐकणार नाही."

"लेन्स हाताने फिरवून फोकसही लावून बघितला मी," आजोबांनी विचारण्याआधीच चारूने सांगितलं. "खिडकीतून बघताना सगळंच बरं दिसतं. एवढा बारीक फरक डोळ्याला कळतच नाही."

तेव्हा आजोबांनी तिला आणखी एक गंमत दाखवली. या जुन्या कॅमेऱ्यातही आरसा वर अडकवून ठेवायची सोय होती. तसं केलं की खिडकी अंधारी होई आणि मागच्या पडद्यावर थेट चित्र दिसे. म्हणजे तेवढ्यापुरता डीएसएलआर कॅमेरा मिररलेस होई. चारूने आवाराच्या टोकाला ठेवलेल्या पाण्याच्या डब्यावर तसा नेम धरून फोटो काढला. डब्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता आलं. मग आरसा खाली सोडून तोच फोटो पुन्हा काढला. डबा पुसट आणि मागचं कुंपण स्पष्ट.

आता शंका उरली नाही. लेन्स चांगली होती, संवेदक चांगला होता, चारूचा हातही चांगला होता. दोष आरशाच्या वाटेत होता.

"मग झालंच की," ती उठून उभी राहिली. "संध्याकाळी आरसा वर ठेवूनच फोटो काढते."

आजोबांनी तिला अडवलं नाही. काही गोष्टी करून बघितल्यावरच कळतात, असं त्यांचं मत होतं.

संध्याकाळी सारस आला. एकटा नव्हता, बरोबर दुसरा होता, बिनवाळ्याचा. दोघं बांधीत उतरली आणि चिखलात चोची खुपसत चालू लागली. मचाणावर आत्याच्या शेजारी बसून चारूने आरसा वर केला आणि बटण अर्धं दाबलं. पडद्यावरचं चित्र पुसट झालं, मग स्पष्ट झालं, मग पुन्हा पुसट झालं. लेन्स घुर्र करत पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. या जुन्या कॅमेऱ्याच्या मोठ्या संवेदकावर टिटवीसारखे डावे-उजवे ठिपके नव्हते. त्यामुळे फोकस कोणत्या बाजूला आहे हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. लेन्स थोडी फिरवायची, कडा जास्त ठळक झाल्या की नाही ते बघायचं, पुन्हा फिरवायची, ठळकपणा कमी व्हायला लागला की मागे यायचं, असं चाचपडत तो जात होता. पाण्याचा डबा त्याच्यासाठी थांबला होता. सारस कशाला थांबेल? लेन्स जागेवर येईपर्यंत वाळा दोन पावलं पुढे गेलेला असे. उन्हं कलली, दोन्ही पक्षी पंख पसरून तलावाच्या पलीकडे गेले आणि कॅमेऱ्यात एकही धड फोटो नव्हता.

परतताना आत्या पिंजऱ्यापाशी थांबली. आत राखाडी-तपकिरी पिल्लं पंख फडफडवून जमिनीवरून हातभर उडत होती, पुन्हा खाली येत होती.

"अजून महिनाभर आत राहिली तर यांची उडण्याची उमेद जाते," ती म्हणाली. "मग सोडून उपयोग नाही."

चारू जेवायला बसली तरी तिचं लक्ष ताटात नव्हतं. आरसा ठेवला की कॅमेरा चपळ, पण चुकीच्या जागी मोजतो. आरसा काढला की बरोबर जागी मोजतो, पण चाचपडतो. टिटवीला दोन्ही जमतं, पण तिची लेन्स आखूड. हेच ती घोळवत राहिली. भात कालवता कालवता तिचा हात थांबला.

"आजोबा, तो दर वेळी हातभर मागेच चुकतो ना? कमी नाही, जास्त नाही?"

"तूच तर सांगितलंस सकाळी."

"मग तो चुकतो हे आपल्याला माहीत आहे आणि किती चुकतो तेही माहीत आहे. मग त्याला सांगता येणार नाही का, की तू जिथे थांबतोस त्याच्या जरा अलीकडे थांब?"

आजोबांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "सांगता येतं. बनवणाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. त्यांनी आत तशी सोय ठेवली आहे, सूक्ष्म जुळवणी म्हणतात तिला. पण ती केव्हा उपयोगी पडते, ते तू बरोबर सांगितलंस. चूक दर वेळी एकाच बाजूला, एकसारखी होत असेल तरच. कधी पुढे, कधी मागे अशी चूक विखुरलेली असेल तर कशात काय मिळवायचं नि कशातून काय वजा करायचं?"

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते सगळे मचाणापाशी गेले. सारस त्या वेळी तलावाच्या पलीकडे असत. सारस जिथे चरायचा तिथे, त्याच अंतरावर, टिटवीने बांबूच्या काठ्या रोवल्या, एकीमागे एक, प्रत्येक आधीच्या काठीपेक्षा वीतभर मागे आणि थोडी बाजूला. प्रत्येक काठीला तिने छापील कागदाचा तुकडा बांधला. मधल्या काठीला पिवळा कागद होता. चारूने पिवळ्या कागदावर नेम धरून फोटो काढला. स्पष्ट आली ती त्याच्यामागची दुसरी काठी.

तिने जुळवणी थोडी अलीकडे सरकवली. आता मागची पहिली काठी स्पष्ट आली. अजून थोडीच सरकवायची होती. उत्साहाच्या भरात तिने एकदम जास्त सरकवली आणि पिवळ्याच्याही पुढची काठी लख्ख उमटली. टिटवीने "आता पुढे" एवढंच सांगितलं. चारूने जुळवणी दोन घरं मागे घेतली. पिवळ्या कागदावरची बारीक अक्षरं पडद्यावर उमटली.

"झालं," ती म्हणाली.

"एका फोटोवर विश्वास ठेवू नकोस," आजोबा म्हणाले. "लेन्स पूर्ण फिरवून बिघडव आणि पुन्हा काढ. पुन्हा पुन्हा काढ."

तिने तसं केलं. बहुतेक फोटोंत पिवळा कागद स्वच्छ होता. एखाद्यात मात्र तो किंचित पुसटही निघाला, कधी पुढे, कधी मागे. चारू हिरमुसली.

"एवढं विखुरणं राहणारच," आजोबांनी समजावलं. "मोटार, आरसा, मोजणी, सगळ्यांचा थोडा थोडा हातभार त्यात असतो. मिररलेसमध्येही ते अगदीच नसतं असं नाही, कमी असतं. म्हणून संध्याकाळी एकच फोटो काढून थांबायचं नाही. काढत राहायचं."

टिटवीने काठ्या उपटल्या आणि बांधी पूर्वीसारखी दिसू लागली. पण सारस येण्याची वेळ टळली तरी आकाश रिकामंच राहिलं. मचाणावर बसून चारूची पाठ भरून आली. काठ्या रोवताना झालेल्या गडबडीने ते बिचकले असतील का, हा विचार तिच्या मनात आला, आणि तोच आत्याच्याही मनात आला असावा, कारण ती सारखी दुर्बीण लावून पलीकडचा काठ बघत होती.

मग तलावावरून ती हाक आली. आधी एकाची, लगेच तिच्यात मिसळलेली दुसऱ्याची, तुतारी फुंकावी तशी. दोघं उडत आली, बांधीत उतरली, पण नेहमीच्या जागी नाही, जरा लांब आणि उंच धानात. वाळा धानाआड गेला होता. चारूने नेम धरून ठेवला. तिने श्वास सावकाश सोडला. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तिला जाणवत होता.

बिनवाळ्याचा पक्षी आधी उघड्यावर आला. त्यामागून दुसरा. त्याने पाय उचलला, पाणी निथळलं आणि पिवळा वाळा उन्हात आला. हिरवा दिवा. चारूने बटण दाबलं. पुन्हा नेम, पुन्हा दिवा, पुन्हा बटण. पक्षी वळेपर्यंत ती थांबली नाही.

खाली उतरण्याचा धीर आज तिला नव्हता. तिने तिथेच फोटो मोठा केला. पहिल्यात वाळा किंचित पुसट होता. दुसऱ्यात वाळ्यावरचे चिखलाचे शिंतोडेही मोजून घ्यावेत असे दिसत होते, आणि त्यांच्या शेजारी दोन काळी अक्षरं होती. मागचं गवत हिरवं धुकं झालं होतं.

"ल, मा," चारूने वाचलं.

आत्याने पडदा स्वतःकडे वळवला आणि अक्षरं पुन्हा वाचली. "आपलीच आहे. ही अंड्यातून बाहेर यायला दोन दिवस घेत होती," ती म्हणाली. "सगळे म्हणाले, जगणार नाही. माझ्या हातून पहिला मासा खाल्ला तो हिने." मग तिने डोळे पुसले आणि दुर्बीण पुन्हा लावली. "आणि तिने जोडीदार शोधलाय, चारू. रानातला."

बैठकीत तो फोटो भिंतीभर मोठा करून दाखवला गेला. प्रश्न पुष्कळ विचारले गेले. एका पक्ष्यावरून सगळ्यांचं कसं ठरवायचं, असंही एक जण म्हणाले, आणि त्यात तथ्य होतं. पण पिंजऱ्यात वाढलेला पक्षी बाहेर जगतच नाही, असं आता कुणालाच म्हणता येईना. नवी पिल्लं सोडायचं ठरलं.

त्या दिवशी दुपारी टिटवी चारूकडे आली. "मी बोदलझरीत आल्यापासून सारसांचे दुरून पुष्कळ फोटो काढले आहेत," ती म्हणाली. "त्यांत डोळा नेहमी स्पष्ट आहे. मला पक्ष्याचा डोळा शोधायला शिकवलं आहे. पायातला वाळा शोधायला नाही. मी अचूक मोजते, पण कशाचं मोजायचं ते मला कुणीतरी सांगावं लागतं."

"मी सांगते," चारू म्हणाली.

उरलेली सुट्टी तिची त्यातच गेली. तिने काढलेले सगळे फोटो, पुसटसुद्धा, ती टिटवीला दाखवायची आणि प्रत्येकात वाळा कुठे आहे ते बोटाने सांगायची. चिखलाने माखलेला, गवताआड अर्धा दडलेला, पाण्यात उलटा पडलेला. आजोबा खुर्चीत बसून ऐकत. एकदा त्यांनी सांगितलं, की पूर्वी उपग्रहांच्या भिंगांचा फोकस जमिनीवर जुळवून मग ते वर पाठवत, आणि पुढे वर उमटलेल्या चित्रावरूनच चूक ओळखून ती वरच्या वर सुधारायला यंत्रं शिकली. "जिथे चित्र उमटतं तिथेच तपासायचं," ते म्हणाले. "एवढी साधी गोष्ट जमवायला आम्हाला किती वर्षं लागली." टिटवी जे शिकली ते तिने दूरदूरच्या तलावांवर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या यंत्रमानवांनाही कळवलं.

पिल्लं सोडायच्या दिवशी चारू शाळा बुडवून आली. पिंजऱ्याची जाळी उघडली, तरी पिल्लं बराच वेळ बाहेरच येईनात. मग एकाने मान काढली, पाण्यात पाय टाकला आणि धावत धावत पंख पसरले. त्याच्यामागून बाकीची निघाली. आत्या राखाडी झग्यात पलीकडच्या काठावर उभी होती, आणि ती सगळी तिच्या डोक्यावरून पुढे गेली. एकही तिच्यापाशी उतरलं नाही. तसंच व्हायला हवं होतं.

आत्या टोपरं काढत ओसरीवर आली तेव्हा टिटवी तिची वाटच पाहत होती. वैनगंगेच्या पलीकडच्या एका तलावावर एक यंत्रमानव उन्हाळ्यापासून लव्हाळ्यात निश्चल उभा होता, इतका, की बगळे त्याच्या डोक्यावर बसत. त्याने नुकताच एक फोटो पाठवला होता.

फोटोत सारसाचे दोन पाय होते आणि एकात पिवळा वाळा. त्यावरची अक्षरं दुरूनही वाचता येत होती. सातांमधला आणखी एक. त्या पायांच्या पुढे, हातभर अलीकडे, दालचिनीच्या रंगाचं काहीतरी उभं होतं, मऊ आणि धूसर. त्याच्या कडा कुठे संपतात ते कळत नव्हतं.

"हे पुसट का आलंय?" आत्याने डोळे बारीक करून विचारलं.

"फोकस वाळ्यावर आहे ना," चारू म्हणाली. "ते वाळ्याच्या पुढे आहे, स्पष्टतेच्या खोलीच्या बाहेर. म्हणून." मग तिने पडद्यावर बोट ठेवून त्या धूसर आकाराच्या दोन काड्यांसारख्या पायांवरून हळूच फिरवलं. "पिल्लू आहे, आत्या."